कात्सूचा कुरकुरीतपणा कुठून येतो?

कात्सू म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला जपानी कटलेट. त्यासाठी कढईत चिकन सोडताच होणारा चर्र आवाज हा खरं तर पाण्याचा असतो. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसला तापलेलं, आणि पाणी उकळतं १०० अंशांना. त्यामुळे वरच्या थरातलं पाणी क्षणात वाफ होऊन बुडबुड्यांतून निसटतं. जोवर तिथं पाणी आहे, तोवर तो थर १०० अंशांच्या फारसा वर जात नाही आणि रंगही धरत नाही. पाणी सरलं की तापमान चढतं, प्रथिनं आणि साखरा यांची मेलार्ड अभिक्रिया जोर धरते, सोनेरी रंग आणि खमंग वास येतो. आवाज मंदावला की कान द्यावा, तो याच बदलाची खूण असते.

कात्सू म्हणजे 'कात्सुरेत्सु'चं लघुरूप, आणि ते आलं इंग्रजी 'कटलेट'वरून. टोकियोच्या गिंझा भागातल्या रेंगातेई या उपाहारगृहानं १८९९मध्ये डुकराच्या मांसाचा असा तळलेला कटलेट आणला, असं मानलं जातं. चिकन कात्सू त्याच कुळातला.

पण खरी करामत पांकोची, म्हणजे जपानी पद्धतीच्या ब्रेडच्या चुऱ्याची. यातला 'पान' पोर्तुगीज 'पांव'वरून आला, म्हणजे आपल्या पावाचा तो सख्खा भाऊ. पांकोसाठीचा पाव बऱ्याच कारखान्यांत भट्टीत भाजतच नाहीत. कणीक धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवून तिच्यातून वीज सोडतात. कणकेच्या स्वतःच्या रोधामुळे ती आतून तापते, १०० अंशांच्या आसपासच राहते आणि तपकिरी कवच धरत नाही. हा पांढरा पाव मग दळत नाहीत, त्याचे लांबट, टोकदार, सच्छिद्र कण करतात. आपला नेहमीचा ब्रेडचा चुरा बारीक असल्यानं दाटून बसतो. पांकोच्या कणांमध्ये मात्र फटी राहतात, तिथून वाफ सुटते आणि तेलही निथळतं. घरी करायचा तर शिळ्या ब्रेडच्या कडा काढून तो किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा आणि मंद आचेवर, रंग न येऊ देता वाळवा. मिक्सरला लावला की भुगा झालाच.

चिकनच्या छातीचा तुकडा ठोकून दीड सेंटिमीटर जाड, सगळीकडे सारखा करा, म्हणजे कडा सुकण्याआधी मधला भाग शिजतो (आत ७४ अंश हवेत). मीठ-मिरी लावा आणि पुसून कोरडा करा. मग मैदा, अंडं, पांको, याच क्रमानं. मैदा उरलेला ओलावा टिपतो आणि अंड्याला पकड देतो, अंड्यातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होऊन गोंदाचं काम करतात. मैदा लावलाच नाही तर मांस आणि आवरण यांच्यामध्ये वाफ साठते आणि आवरण सालासारखं निघून येतं.

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा माझ्या मते तळल्यानंतरचा. कढईत असताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. बाहेर काढल्यावर छिद्रांतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, दाब घटतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे पुष्कळसं तेल थंड होताना मुरतं! म्हणून तुकडा कढईवरच झटकून घ्या आणि जाळीवर उभा ठेवा. कागदावर आडवा टाकला तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेनं भिजते. डब्यात न्यायचा असेल तर पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावू नका.