लांब गेलं तरी फिकं न पडणारं

२०२२च्या जुलैत वेब दुर्बिणीची पहिली चित्रं आली आणि पंधरा दिवसांत बातमी फुटली: महास्फोटानंतर जेमतेम २४ कोटी वर्षांनीची दीर्घिका सापडली! नाव सीर्स-९३३१६ ('सीर्स' हे वेबच्या एका सर्वेक्षणाचं नाव). लगेच 'महास्फोट झालाच नाही' असे फॉरवर्ड फिरू लागले. आमच्या ग्रुपवर तर 'हे आपल्या पुराणांत आधीच लिहिलंय' इथपर्यंत गाडी गेली. पुढच्या वर्षी त्याच दीर्घिकेचा वर्णपट (प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली फोड) घेतल्यावर कळलं, ती महास्फोटानंतर सुमारे १२० कोटी वर्षांनीची निघाली. हा फॉरवर्ड मात्र कोणी पाठवला नाही.

गफलत कुठे झाली? खूप दूरच्या दीर्घिकेचा निळ्याकडचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन खातो, म्हणून ती फक्त तांबड्या फिल्टरांत दिसते. पण दीर्घिकेतली धूळही निळाच प्रकाश खाते. त्यात हिच्या तापलेल्या वायूच्या ठळक रेषा नेमक्या अडचणीच्या फिल्टरांत येऊन बसल्या. त्याच सर्वेक्षणातली आणखी एक दीर्घिका अशीच फसवी होती. तिच्याकडे फ्रान्सच्या आल्प्समधल्या नोएमा दुर्बिणींनी १.१ मिलिमीटर तरंगलांबीवर पाहिलं, तर तिथून चक्क धुळीची ऊब येत होती.

ही धूळ म्हणजे अंगणातली माती नव्हे. कार्बन आणि सिलिकेटचे हे कण बहुतेक एका मायक्रोमीटरहून लहान, चुलीच्या धुरातल्या काजळीसारखे. तारे जन्मतात ते अशाच धुळीच्या ढगांत. कोवळ्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश धूळ गिळते आणि 'तापते', म्हणजे ३०-४० केल्विनवर जाते, उणे २४० सेल्सिअसच्या आसपास. मग गिळलेली ऊर्जा ती दूर-अवरक्त लहरींत परत सोडते. राखेखालचा निखारा दिसत नाही, पण वर हात धरला की कळतो, तसंच. आजवरच्या सगळ्या ताऱ्यांनी दिलेल्या उजेडापैकी जवळपास निम्मा असा धुळीत मुरून अवरक्त होऊन आपल्याकडे येतो.

आता माझा लाडका भाग. इथे थोडं सावकाश वाचा.

दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो, हे शाळेत शिकलो. दीर्घिकांनाही तेच लागू. तरीही मिलिमीटर लहरींत दूरची धुळकट दीर्घिका जवळचीइतकीच तेजस्वी दिसते! कसं? धुळीच्या तेजाचा आलेख डोळ्यांपुढे आणा. १०० मायक्रोमीटरच्या आसपास शिखर आणि लांब तरंगलांबीकडे तीव्र उतार. उतार किती तीव्र? पायथ्याकडे वारंवारता दुप्पट केली की तेज दहा ते सोळा पट होतं. आपली खिडकी पक्की आहे, १.१ मिलिमीटर. विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे दूरचा प्रकाश ताणला जातो. या ताणाचं माप म्हणजे रेडशिफ्ट, मराठी पुस्तकांतली ताम्रसृती. रेडशिफ्ट १ असेल तर लांबी दुप्पट, ४ असेल तर पाचपट. म्हणजे १ वरच्या दीर्घिकेचा जो प्रकाश आपल्या खिडकीत येतो तो निघताना ५५० मायक्रोमीटरचा होता आणि ४ वरच्या दीर्घिकेचा २२० चा. खिडकी जागेवरच आहे, डोंगर आपल्याकडे सरकतोय! दीर्घिका जितकी दूर, तितका तिच्या डोंगराचा वरचा भाग आपल्याला दिसतो. १ वरून ४ वर जाताना अंतरानं उजेड जवळपास तीसपट घटवला, तर चढणीनं तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, परत दिला. दृश्य प्रकाशात मात्र असं काही मिळत नाही. उलट तिथे अंतर आणि ताण, दोन्हीकडून मार.

ही सवलत कायमची नाही. डोंगराचं शिखर खिडकीतून पुढे गेलं की संपली, म्हणून आणखी दूरच्या दीर्घिकांसाठी आता २ मिलिमीटरवर सर्वेक्षणं होतात. शिवाय विश्वाची पार्श्वभूमीच तेव्हा जास्त गरम होती. रेडशिफ्ट ९ ला ती २७ केल्विन, म्हणजे ३५ केल्विनची धूळ त्यापुढे उठून दिसणार तरी किती?

हवेतली वाफ या लहरी खाते, म्हणून दुर्बिणी कोरड्या उंचावर. चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५००० मीटरवर आल्माच्या ६६ अँटेना, मेक्सिकोत ४६०० मीटरवर ५० मीटर व्यासाची थाळी. आपली खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण इथे उपयोगाची नाही, ती मीटरच्या घरातल्या लहरी ऐकते.

पण या सगळ्याची सुरुवात हवाईतल्या मौना केआवर, १५ मीटरच्या मॅक्सवेल दुर्बिणीवर बसवलेल्या स्कुबा कॅमेऱ्यानं केली. ०.१ केल्विनपर्यंत थंड केलेला हा कॅमेरा हबलच्या त्या प्रसिद्ध 'डीप फील्ड'कडे, म्हणजे हबलनं खूप वेळ टक लावून पाहिलेल्या आकाशाच्या चिमुकल्या तुकड्याकडे, वळवला. हबलला तिथे सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या होत्या. स्कुबाला १९९८ साली ८५० मायक्रोमीटरवर दिसले पाच ठिपके. एकेक ठिपका म्हणजे वर्षाला शेकडो सूर्यांइतका ऐवज ताऱ्यांत ओतणारा कारखाना; आपल्या आकाशगंगेत हा आकडा जेमतेम एक-दोन सूर्य.

अडचण एकच. स्कुबाची नजर १४ सेकंद-कोनाची, चंद्राच्या व्यासाच्या सव्वाशेव्या भागाहून जराशी बारीक. एवढ्या जाड ठिपक्यात हबलच्या कितीतरी दीर्घिका मावतात. नेमकी कोणती? पुढे आल्मानं अशाच सर्वेक्षणांतले ठिपके तपासले तेव्हा बरेच ठिपके फुटून दोन-दोन, तीन-तीन दीर्घिका निघाल्या. आधीच्या याद्यांतले 'सर्वांत तेजस्वी' काही तर निव्वळ गर्दी होते.

त्या पाचांतला सर्वांत तेजस्वी एचडीएफ८५०.१. तो किती दूर हे कळायला २०१२ उजाडलं. धुळीवरून नव्हे, कार्बन मोनॉक्साइडच्या आणि कार्बनच्या रेषांवरून रेडशिफ्ट ५.१८ आलं, म्हणजे महास्फोटानंतर सुमारे ११० कोटी वर्षं. हबलच्या चित्रात त्या जागी तो नाहीच. अगदी शेजारी दिसते ती वाटेत, खूप अलीकडे असलेली दुसरीच एक लंबगोल दीर्घिका.