खोक्यावरचे वॉट आणि गाडीतला आवाज

म्हापशापासून मडगावपर्यंत एकच समजूत ऐकू येते: स्पीकरच्या खोक्यावर जितके जास्त वॉट, तितका आवाज मोठा. हे खरे नाही. तो ठळक आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल भाराचा असतो. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो तो भार. गाडीतल्या स्टिरिओवर ‘५०×४’, म्हणजे चार चॅनलना प्रत्येकी ५० वॉट, असे छापलेले असले, तरी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर दर चॅनलला (एकेका स्पीकरला) सतत जेमतेम १५ ते २० वॉट मिळतात. म्हणून गाडीचे स्पीकर घरी बदलताना संवेदनशीलता बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटला स्पीकर किती मोठा वाजतो ते. ३ डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॉट दिल्यासारखेच! दाराच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल शीट (थरथर शोषणारी चिकट रबरी पट्टी) लावा, बास भरीव होतो. फक्त तळाची भोके बुजवू नका. आपल्या गोव्याच्या पावसात काचेवरून आत उतरलेले पाणी तिथूनच बाहेर जाते. नाहीतर दार गंजलेच म्हणून समजा.