टेस्ट एफर्ट आणि पेपर पॅटर्न

टेस्ट एफर्ट म्हणजे समोर आलेला पेपर मुलगा किती मन लावून सोडवतो ते, आणि पेपर पॅटर्न म्हणजे तो पेपर एमसीक्यू आहे की लिहायचा, कागदावर आहे की कॉम्प्युटरवर, निगेटिव्ह मार्किंग आहे का, वगैरे. मार्क बघितले की आपण सरळ म्हणून मोकळे होतो की याला येतं आणि त्याला येत नाही, पण त्या आकड्यात या दोन गोष्टीही मिसळलेल्या असतात आणि नंतर त्या वेगळ्या काढणं भलतंच अवघड जातं.

बारावी, नीट, जेईई असल्या परीक्षांत एफर्टचा प्रश्न फारसा येत नाही, तिथे पोरं जीव तोडूनच बसतात. गोची होते ती ज्या टेस्टमधून मुलाला काडीचाही फायदा-तोटा नाही तिथे. पिसा ही त्यातली सगळ्यात गाजलेली. ओईसीडी ही बहुतेक श्रीमंत देशांची संघटना ही टेस्ट 2000 पासून वेगवेगळ्या देशांतल्या 15 वर्षांच्या मुलांसाठी घेतेय, निकाल लागला की देशांचे नंबर पेपरात छापून येतात, मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागतात, पण ज्याने दोन तास बसून पेपर सोडवला त्या पोराला स्वतःचे मार्क कधी कळतसुद्धा नाहीत. मग तो कशाला डोकं खपवेल?

हेच तपासायला उरी ग्नीझी, जॉन लिस्ट हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि शांघायच्या शाळांत एक प्रयोग केला, तो 2019 मध्ये छापून आला. पिसातले गणिताचे 25 प्रश्न घेतले. काही मुलांना नुसताच पेपर दिला, आणि काहींना पेपर सुरू व्हायच्या जरा आधी एकेक पाकीट दिलं, आत एक-एक डॉलरच्या 25 नोटा, आणि सांगितलं की हे पैसे तुमचेच, फक्त जेवढे प्रश्न चुकतील किंवा कोरे राहतील तेवढ्या नोटा परत घेणार. शांघायच्या मुलांना तेवढ्याच किमतीचे युआन. गंमत अशी की आयत्या वेळी सांगितल्यामुळे अभ्यास करायला कुणालाच वेळ नव्हता, म्हणजे ज्ञान होतं तेवढंच राहिलं, तरी अमेरिकन मुलांचे मार्क वाढले, त्यांनी जास्त प्रश्न सोडवले आणि जास्त बरोबरही आले. शांघायच्या मुलांमध्ये म्हणण्यासारखा फरकच पडला नाही, ती बहुतेक पाकिटाशिवायही पूर्ण जोर लावत होती. संशोधकांचा अंदाज असा की सगळ्याच अमेरिकन मुलांनी असा जोर लावला असता तर 2012 च्या गणिताच्या यादीत अमेरिका 36 वरून 19 व्या नंबरवर गेली असती. आता हा अंदाज मोजक्या शाळांवरून काढलाय हे लक्षात ठेवायला हवं, पण नुसत्या पाकिटाने एवढा फरक पडत असेल तर मग त्या यादीवरून कुठल्या देशाचं शिक्षण चांगलं हे ठरवताना जरा दमाने घ्यावं.

पाकिटाशिवायही एफर्ट पकडता येतो. कॉम्प्युटरवरच्या टेस्टमध्ये प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ नोंदवला जातो, आणि पाच ओळींच्या प्रश्नाला कुणी दोन सेकंदात उत्तर दिलं तर त्याने तो वाचलेलाच नाही हे उघड आहे. स्टीव्हन वाइज या संशोधकाने यावर बरंच काम केलंय. दुसरी खूण म्हणजे तोच प्रश्न पेपरच्या सुरुवातीला आला तर जास्त मुलांना जमतो आणि शेवटी आला तर कमी. ही घसरण मुलींमध्ये मुलांपेक्षा कमी दिसते.

आता पॅटर्न. पिसाने 2015 मध्ये बहुतेक देशांत कागद सोडून कॉम्प्युटर धरला, त्याआधीच्या ट्रायलमध्ये जर्मनी, स्वीडन आणि आयर्लंडमध्ये कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलांना कागदवाल्यांपेक्षा कमी मार्क पडले. मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटलेली, प्रश्न तेच! नंतर स्कोअर काढताना हा फरक भरून काढायची सोय केली, पण तो पूर्ण भरून निघाला का यावर वाद आहे.

आपल्याकडे सगळ्यांना कळणारा पॅटर्न म्हणजे निगेटिव्ह मार्किंग. नीटला बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1, पर्याय चार. डोळे मिटून तुक्का मारला तरी चारातला एक लागणार, म्हणजे 4 मिळाले आणि 3 गेले, सरासरी प्रत्येक तुक्क्यामागे पाव मार्क फायदाच, आणि एखादा पर्याय नक्की चूक हे माहीत असेल तर फायदा अजून जास्त. तरीही कित्येक जण भीतीने प्रश्न कोरे सोडतात, म्हणजे इथे मार्क धाडसाचे पण मिळतात. चिलीच्या कॉलेज प्रवेश परीक्षेतून ही वजाबाकी काढून टाकल्यावर मुली मुलांपेक्षा जे जास्त प्रश्न कोरे सोडायच्या तो फरक खूपच कमी झाला. अमेरिकेच्या सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेनेही 2016 मध्ये वजाबाकी बंद केली. एमएचटी-सीईटीला ती नाहीच, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना "बी" टिक करून टाकणारे निघतात. आपल्या राज्याच्या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मात्र काही प्रश्नांना चारातले दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही गोळे रंगवले तरच मार्क मिळायचे, म्हणजे तुक्का लागायची शक्यता चारात एकवरून सहात एक. साधी युक्ती आहे पण मला तरी आवडते.

याच्या एकदम उलट टोकाला प्रथम या संस्थेचा असर सर्व्हे, मुलांना वाचता आणि गणित करता येतं का हे बघणारा. त्यात पर्याय नाहीत, पेपरच नाही. सर्व्हेवाला घरी येतो, मुलाशेजारी बसतो आणि अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असं एकेक वाचायला सांगतो, गोष्टीची पातळी दुसरीची, मग वजाबाकी-भागाकार. इथे तुक्का चालत नाही, वाचता आलं तर आलं. पण अनोळखी माणसासमोर लाजून गप्प बसणारं पोर इथेही खालच्याच पायरीवर धरलं जाऊ शकतं, म्हणून आधी थोड्या गप्पा मारून त्याला मोकळं करावं लागतं.