स्ट्रीमिंग सॉफ्टवेअरमधील बफर ओव्हरफ्लो

बफर ओव्हरफ्लो म्हणजे प्रोग्रामने डेटासाठी राखलेल्या मेमरीच्या हद्दीपलीकडे लिहिणे. शेजारच्या मेमरीत फंक्शनचा परतीचा पत्ता किंवा एखादा पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारे मूल्य) असेल, तर हल्लेखोराला प्रोग्राम बंद पाडता येतो, क्वचित स्वतःचा कोडही चालवता येतो. स्ट्रीमिंग सर्व्हर आणि प्लेअर बहुधा सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले असतात, आणि हेडर (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी), प्लेलिस्ट, मेटाडेटा असे सगळे अनोळखी यंत्रांकडून घेतात.

आइसकास्ट या ऑडिओ सर्व्हरमधला सीव्हीई-२०१८-१८८२० (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा दोषाचा क्रमांक) हा दोष बोलका आहे. माउंटवर (सर्व्हरवरील एका स्ट्रीमच्या पत्त्यावर) युआरएल ऑथेंटिकेशन (श्रोत्याला प्रवेश द्यायचा का, हे दुसऱ्या वेब पत्त्याला विचारणे) लावलेले असेल, तर श्रोत्याच्या विनंतीतले हेडर एका ४,०९६ बाइटच्या बफरमध्ये एकामागोमाग जोडले जात. त्यासाठी वापरलेले एसएनप्रिंटएफ हे फंक्शन सुरक्षित मानले जाते, आणि ते हद्द पाळतेही. मात्र ते प्रत्यक्ष लिहिलेली लांबी परत करत नाही. जागा पुरली असती तर किती लिहिले असते, तो आकडा देते. समजा ४,००० बाइट भरले आहेत आणि पुढचा मजकूर ३०० बाइटचा आहे. तो कापला जातो, पण मोजणी ४,३०० वर पोहोचते. उरलेली जागा उणे २०४. हा आकडा चिन्हरहित (उणे संख्या न ठेवणाऱ्या) प्रकारात जाताच प्रचंड मोठा होतो. त्यापुढचा हेडर मग बफरबाहेरच पडतो. मधले बाइट न शिवता उडी बसत असल्याने स्टॅक कॅनरीलाही (परतीच्या पत्त्याआधी ठेवलेले, बदलले की ओव्हरफ्लो उघड करणारे मूल्य) वळसा घालता येतो. आवृत्ती २.४.४ मध्ये हे दुरुस्त झाले.

अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट लायब्ररीत (२०१५) चूक बेरजेची होती. एमपी४ फाइलमधल्या लांबीची बेरीज ३२ बिटांत मावली नाही, बफर छोटा राखला गेला आणि मोठा डेटा त्यात ओतला गेला. पहिला पॅच अपुरा ठरला, कारण त्यातल्या तपासणीत ६४ बिटांच्या लांबीचा विचार नव्हता.

असे दोष कोड वाचून क्वचितच दिसतात. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका चालू असताना पकडणारे साधन) लावून प्रोग्राम बिल्ड करावा आणि पार्सरवर (आलेला डेटा वाचून उलगडणाऱ्या भागावर) फझिंग, म्हणजे वेडेवाकडे इनपुट देऊन चाचणी, चालवावी. सर्व्हर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नये; आइसकास्टच्या सेटिंगमध्ये त्यासाठी चेंजओनर आहे. अपडेटनंतर प्रोसेस पुन्हा सुरू करणे हमखास राहून जाते. तोवर जुनाच कोड मेमरीत चालू असतो. लायब्ररी स्टॅटिक लिंक केलेली (बिल्डच्या वेळीच प्रोग्राममध्ये मिसळलेली) असेल, तर सिस्टीमचे पॅकेज अद्ययावत करून भागत नाही, प्रोग्रामच नव्याने बिल्ड करावा लागतो.