काडतूस, मोठ्या हरणांच्या शिकारीचे

सांबर, बारशिंगा, यूरोपातील तांबडे हरीण, उत्तर अमेरिकेतील वापिती आणि मूस अशा जड अंगाच्या हरणांसाठी रायफलीत वापरण्याचे काडतूस. पितळी पुंगळी, तिच्या बुडातील टोपी (प्रायमर), दारू आणि गोळी हे त्याचे चार भाग. जनावर पहिल्याच गोळीत, थोडक्या अंतरात पडले पाहिजे, जखमी होऊन रानात निघून जाता कामा नये, हा निवडीचा खरा निकष. बोरचे (नळीच्या आतील व्यासाचे) नाव, कारखान्याची ख्याती किंवा आवाजाचा दणका यांना त्यानंतरचे स्थान आहे.

भारतात अशी शिकार कायद्याने बंद आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी परवान्यावर शिकारीची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्यामुळे पुढील विवेचन परदेशांतील चालू प्रथा आणि आपल्याकडील जुन्या, परवान्यावर आजही काही घरांत असलेल्या रायफली यांना धरून केले आहे.

शब्द : ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आला की फ्रेंच ‘कार्तूश’वरून, याबद्दल दोन मते आहेत. ‘पिस्तूल’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असे सामान्यतः मानतात, आणि कोकण व वसई पट्ट्यातील त्यांच्या दीर्घ वास्तव्यामुळे काडतुसाबाबतही तोच मार्ग अधिक संभवतो. मात्र हिंदीतील ‘कारतूस’ मधली पायरी असू शकेल. रिकाम्या काडतुसाला पोलीस पंचनाम्यात ‘पुंगळी’ म्हणतात. फौजेत आणि देवळालीच्या छावणीत संपूर्ण काडतुसाला ‘राऊंड’ म्हणण्याचा प्रघात आहे.

जनावर : नाशिककडे हरीण म्हटले की येवला तालुक्यातील ममदापूरचे काळवीट डोळ्यांपुढे येते. काळवीट हा कुरंग आहे. त्याची शिंगे पोकळ असून ती गळत नाहीत. खऱ्या हरणाच्या नराची शिंगे भरीव, फाटे फुटलेली असतात व गळून पुन्हा येतात. काडतुसाच्या दृष्टीने हा भेद गौण आहे. वजन आणि हाडाची जाडी महत्त्वाची. चितळाचा नर ७०–९० किग्रॅ. भरतो; सांबराचा पूर्ण वाढलेला नर साधारणपणे १८० ते २७० किग्रॅ., क्वचित ३०० किग्रॅ.च्याही वर जातो. मूस ४०० किग्रॅ.च्या पुढे असतो. चितळाला पुरणारी हलकी गोळी सांबराच्या खांद्याच्या हाडावर फुटून जाऊ शकते.

हृदय आणि फुप्फुसे छातीच्या खालच्या भागात, पुढच्या पायाच्या किंचित मागे असतात. आडव्या उभ्या असलेल्या मोठ्या हरणात हे क्षेत्र २०–२५ सेंमी. व्यासाचे धरतात. काडतूस कितीही जोरकस असले, तरी पोटात लागलेली गोळी तासन्‌तास यातना देते. म्हणून जिथवर आपल्या प्रत्येक गोळीचा नेम या वर्तुळात बसतो, तेच त्या रायफलीचे त्या माणसाच्या हातातील खरे पल्ल्याचे अंतर.

गोळी : निवडीत सर्वांत अधिक विचार गोळीच्या बांधणीचा करावा लागतो. पूर्ण तांब्याचे आवरण असलेली लष्करी गोळी न उमलता आरपार जाते. मागे बारीक छिद्र राहते, रक्त थोडे वाहते आणि जनावर दूरवर पळते. म्हणून अनेक देशांत हरणांवर ती वापरण्यास मनाई आहे. शिकारीची गोळी शिरताच टोकाशी उमलते, तिचा व्यास साधारण दीडपट ते दुप्पट होतो आणि जखम रुंदावते. उमलणे व खोल जाणे या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. फार लवकर उमलणारी गोळी खांद्यावरच विखुरते. फार कठीण गोळी बरगड्यांमधून छिद्र पाडून निघून जाते.

या तिढ्यावरचा प्रसिद्ध उपाय अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांनी १९४० नंतरच्या दशकात काढला. त्यांच्या गोळीत तांब्याच्या आवरणातच मधोमध आडवी भिंत असते. पुढचे शिसे उमलते, मागचे शाबूत राहून खोल जाते. पुढे शिसे व आवरण एकजीव केलेल्या गोळ्या आल्या आणि १९८९ पासून बार्न्स या अमेरिकी कंपनीच्या सबंध तांब्याच्या गोळ्याही. तांब्याची गोळी वजन राखते, पण ती उमलायला वेग लागतो. साधारण ६०० मी./से.च्या खाली अनेक नमुने नीट उमलत नाहीत. शिवाय तेवढ्याच वजनात ती लांब होते, म्हणून नळीच्या आट्यांचा (आतील पिळदार खाचांचा) पीळ पुरेसा घट्ट असावा लागतो. नाहीतर गोळी हवेत डोलते आणि कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट भोक पडते. शिशाचे कण मांसात आणि टाकलेल्या आतड्यांत राहून गिधाडांसारख्या पक्ष्यांना विषबाधा होते. या कारणाने कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीसाठी, तर डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या गोळ्यांसाठीही शिसे बंद केले.

उमलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .३०३ इंच बोरच्या फौजी गोळीचे टोक उघडे ठेवलेला नमुना तयार केला. त्याचा काळ १८९६–९७ च्या सुमाराचा मानतात. मऊ टोकाच्या गोळ्या शिकाऱ्यांना त्याआधीही ठाऊक होत्या, त्यामुळे दमदमला ‘शोध’ म्हणण्यापेक्षा लष्करी उपयोजन म्हणणे अधिक बरोबर. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात अशा गोळ्यांना बंदी घातली. शिकारीत मात्र जनावराला झटपट मरण यावे म्हणून तीच रचना आवश्यक ठरली.

वजन, वेग व ऊर्जा : गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगण्याची रूढी आहे (१ ग्रेन = ०.०६४८ ग्रॅ.). ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून हलकी व वेगवान गोळी कागदावर भारी दिसते. हाडातून खोल जाण्यासाठी वजन आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे छेदघनता, अधिक उपयोगी पडते. पौंडातील वजनाला इंचातील व्यासाच्या वर्गाने भागून ती काढतात. सांबर वा वापितीसाठी साध्या बांधणीच्या गोळीत ती ०.२५ च्या पुढे असावी असा जाणत्यांचा कल आहे. .३०-०६ (.३० इंच बोरचे, १९०६ चे अमेरिकी काडतूस) ची १८० ग्रेनची गोळी ०.२७ आणि ६.५ मिमी.ची १५६ ग्रेनची गोळी ०.३२ भरते. या दुसऱ्या आकड्यामुळेच ६.५ × ५५ मिमी. (बोर × पुंगळीची लांबी) हे मवाळ धक्क्याचे स्वीडिश काडतूस (१८९४) मूसवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

नळीच्या तोंडाशी नेहमीच्या भरणीचे आकडे अंदाजे असे : ७ × ५७ मिमी. मौझर (१८९२–९३), ९.१ ग्रॅ., ८१० मी./से., ३,००० जूल; .३०८ विंचेस्टर (१९५२), ९.७ ग्रॅ., ८६० मी./से., ३,६०० जूल; .३०-०६ (१९०६), ११.७ ग्रॅ., ८२३ मी./से., ३,९५० जूल; ९.३ × ६२ मिमी. (बर्लिनचे ओटो बॉक, १९०५), १८.५ ग्रॅ., ७२० मी./से., ४,८०० जूल. .३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२) ५,७०० जुलांच्या आसपास जाते. हरणांसाठी त्याची गरज नाही आणि त्याचा धक्का बहुतेकांना चाप ओढताना डोळे मिटायला लावतो. नेमबाजीच्या सरावातील .२२ चे काडतूस जेमतेम १४० जूल देते. हरणावर त्याचा वापर हा निव्वळ क्रूरपणा आहे.

कायद्यातील किमान मर्यादा : स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशानुसार मोठ्या हरणांसाठी गोळी किमान १०० ग्रेन (२०२३ च्या दुरुस्तीनंतर ८० ग्रेन), वेग २,४५० फूट/से. आणि ऊर्जा १,७५० फूट-पौंड (सुमारे २,३७० जूल) हवी. इंग्लंडमध्ये किमान .२४० इंच बोर व १,७०० फूट-पौंड. जर्मनीत लहान रो हरीण वगळता बाकी हरणांना ६.५ मिमी. बोर आणि १०० मी.वर २,००० जूल. स्वीडनमध्ये मूसकरिता गोळी ९ ग्रॅ. असल्यास १०० मी.वर २,७०० जूल, १० ग्रॅ. वा अधिक असल्यास २,००० जूल पुरतात. जड गोळीला दिलेली ही सवलत अनुभवातून आलेली आहे. आपल्याकडील सांबर १८६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात नेऊन सोडले गेले आणि तेथे ते फोफावले. तेथील नियमांनी सांबरासाठी .२७० इंच बोर व १३० ग्रेनची गोळी ही किमान मर्यादा घातली. आपल्या सांबराविषयी आजचा अनुभव हवा असेल तर तो तेथूनच घ्यावा लागतो.

भारतातील बोर : ब्रिटिश अमदानीत सरकारने .४५० बोरच्या रायफली व काडतुसे भारतात आणण्यास बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश फौजी रायफलीच्या .५७७/४५० काडतुसाला लागणाऱ्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडू नयेत, हे तिचे कारण सांगतात. बंदीचे वर्ष कोणी १९०५ देतात, कोणी १९०७. .५००/४६५ आणि .४७० हे पर्यायी बोर १९०७ च्या सुमारास बाजारात दिसतात. .४७० चा उगम काहींनी १९०० पर्यंत मागे नेला आहे, पण बंदी आधी आणि पर्याय नंतर हा क्रम धरला तर ते जुळत नाही. म्हणून १९०५–०७ ही कक्षा येथे ग्राह्य धरली आहे.

.३१५ ची कथा याहून गुंतागुंतीची. हे मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीचे ८ × ५० मिमी. कडवाले मॅनलिकर काडतूस. १८८८ मध्ये काळ्या दारूचे, १८९० मध्ये बिनधुराच्या दारूचे. .३०३ फौजेचे असल्याने नागरिकांना वर्ज्य ठरले, तेव्हा फौजेत नसलेला बोर म्हणून हे निवडले, असे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. ते अपुरे वाटते, कारण फौजेत नसलेले बोर पुष्कळ होते. .३१५ आणि .३०३ या दोन्ही पुंगळ्यांच्या बुडाला कड आहे व कडांचा आकार जवळजवळ सारखा आहे. त्यामुळे .३०३ च्या ली-एन्फील्ड या फौजी रायफलीची यंत्रणा थोड्या फरकाने .३१५ ला वापरता येते. निवडीमागे हे कारखानदारी कारण प्रबळ असावे. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफल कारखान्याने याच धर्तीवर .३१५ ची नागरी रायफल बनवली. नावातील .३१५ हा आट्यांच्या माथ्यांमधील व्यास आहे. गोळीचा खरा व्यास ०.३२३ इंच. २४४ ग्रेनच्या गोळीची छेदघनता ०.३३ भरते. मॅनलिकरच्या लष्करी भरणीत वेग ६२० मी./से.च्या आसपास, ऊर्जा सुमारे ३,००० जूल. म्हणजे गोळी खोल जाते, पण लवकर खाली येते : १०० मी.वर नेम बसवला तर २०० मी.वर ती एक फुटाहून अधिक खाली लागते; .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी तेथे सुमारे १० सेंमी.च खाली असते. दाट झाडीत शंभर-सव्वाशे पावलांवर .३१५ मोठ्या हरणाला पुरेसे होते, उघड्या माळावर नाही.

चुका व बिघाड : जुन्या जर्मन ८ × ५७ मिमी. रायफलींत दोन प्रकार आहेत. पहिल्या नमुन्याची गोळी ०.३१८ इंच, नंतरच्या ‘एस’ची ०.३२३ इंच. ‘एस’चे काडतूस जुन्या नळीत घातले तर दाब धोक्याच्या पातळीला जातो. नळीवरचा छाप झिजलेला असेल तर बंदूककाराकडून नळीचे माप घेतल्याशिवाय वापरू नये. .३०-०६ च्या रायफलीत .३०८ चे आखूड काडतूस बसते आणि उडतेही, पण पुंगळी फुटून गरम वायू मागे येऊ शकतो. .२७५ रिग्बी आणि ७ × ५७ मिमी. ही मात्र एकाच काडतुसाची दोन नावे आहेत.

कॉर्डाइट ही जुनी ब्रिटिश बिनधुराची दारू उष्णतेला संवेदनशील. उन्हात तापलेल्या काडतुसाचा दाब वाढून पुंगळी नळीत अडकते. इंग्लिश कारखानदार भारतासाठी म्हणून कमी दारूची ‘ट्रॉपिकल’ भरणी देत. अशी भरणी छापलेल्या दुनळीत साधी भरणी घातल्यास दोन्ही नळ्यांचा नेम वेगवेगळा लागतो. जुन्या टोप्यांतील क्षार नळीत राहून ओल धरतात. त्यांवर तेल पुरत नाही. त्याच दिवशी उकळते पाणी ओतून, कोरडे पुसून मग तेलाचा हात द्यावा लागतो. चाप ओढूनही बार न झाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावे. टोपी कधीकधी उशिरा पेटते. गोळीचे वजन वा बनावट बदलली की १०० मी.वर तीन-तीन गोळ्या टाकून नेम पुन्हा बसवावा.

नाशिक जिल्हा : सांबर हे दाट झाडीच्या डोंगराचे जनावर, जिल्ह्यात त्याला साजेशी जागा त्र्यंबक, पेठ, सुरगाणा व इगतपुरीच्या पश्चिमेकडील घाटपट्ट्यातच. रायफलीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो. शहरात तो पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी. पीकसंरक्षणासाठी मिळालेला परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे. पिकाला धोका असला तरी वन्य जीव अधिनियमाच्या कलम ११ नुसार अधिकृत अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली रायफल पावसाळ्यानंतर परत आल्यास नळीतून उजेड पाहून गंज आणि कुंभारमाशीच्या मातीचा बोळा तपासावा. अडलेल्या नळीत गोळी सुटली तर नळी फुगते किंवा फाटते.