छोट्या होलची आडवाट

गोल्फमधला पार-तीनचा होल, म्हणजे तीन फटक्यांत पुरा होणं अपेक्षित असलेला, छोटा असतो, म्हणून तो सगळ्यांना झेपेल असं वाटतं. खरं तर कच्चा खेळाडू कोंडीत सापडतो तो इथेच. पार-पाचवर ताकद कमी पडली तर एखादा फटका जास्त मारून निभावतं. इथे पहिल्याच फटक्यात ग्रीन, म्हणजे चेंडू घालायच्या कपाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, गाठायचं, आणि मध्ये पाणी आडवं असलं की वळसा घालायला जागाच उरत नाही.

वळशाची ही जागा मुद्दाम राखणारा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिक मैदानाचा पंधरावा होल, रेडान. क्रिमियन युद्धातल्या सेवास्तोपोलच्या तटबंदीवरून हे नाव पडलं. लांबी सुमारे १९० यार्ड. ग्रीन तिरकं बसवलेलं, डावीकडे आणि मागे उतरत जाणारं. डाव्या अंगाला पुढ्यातच खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. दम असलेला खेळाडू चेंडू थेट बंकरवरून नेतो. ज्याचा फटका तेवढा पोचत नाही, त्याने उजवीकडे अलीकडेच टप्पा टाकायचा. पुढचं काम उतार करतो. मैदानं आखणाऱ्या चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्डने ही आखणी अमेरिकेत नॅशनल गोल्फ लिंक्स या मैदानाच्या चौथ्या होलवर नेली आणि मग जगभर रेडानच्या आवृत्त्या निघाल्या. माझ्या मते पार-तीनची याहून शहाणी आखणी झालेली नाही.

स्कॉटलंडमधल्याच रॉयल ट्रून मैदानाच्या आठव्या होलने, ‘पोस्टेज स्टॅम्प’ने, ताकदीचा प्रश्नच काढून टाकला. अंतर जेमतेम १२३ यार्ड, ग्रीन चिंचोळं, भोवती बंकर. १९७३च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेमध्ये ७१ वर्षांच्या जीन सॅराझेनने इथे एका फटक्यात चेंडू कपात घातला. १९५०च्या ओपनमध्ये याच होलवर एका जर्मन हौशी खेळाडूला १५ फटके लागले होते!

फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास मैदानाचा सतरावा होल १३७ यार्डांचा. आखणी पीट डाय यांची, पण आजूबाजूची वाळू उपसल्यावर उरलेल्या खड्ड्यात पाणी भरून ग्रीनचं बेट करायची कल्पना त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांची. गंमत अशी की, स्त्रियांसाठी टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, पुढे आणा म्हणून आयुष्यभर भांडल्या त्याही याच अ‍ॅलिस. पण चहूकडे पाणी असताना टी पुढे आणून अंतर तेवढं घटतं, पाणी टळत नाही.

१९८५मध्ये सर्वांत वाईट हौशी गोल्फर ठरवायची स्पर्धा याच मैदानावर झाली. सतराव्यावर एकाचे चेंडू एकामागून एक पाण्यात गेले. शेवटी त्याने पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी, काढला आणि ग्रीनकडे जाणाऱ्या अरुंद पायवाटेवरून चेंडू ढकलत नेला. कार्डावर आकडा पडला ६६.