विक्रीतून गेलेले गेम आणि त्यांच्या प्रती जपणारे

ऑगस्ट २०१८मध्ये ‘एम्यूपॅराडाइज’ या संकेतस्थळाने जुने व्हिडिओ गेम डाउनलोड करू देणं थांबवलं. २०००पासून चाललेलं ते जगातल्या मोठ्या भांडारांपैकी एक होतं, आणि ते उभं करणारा माणूस भारतात वाढलेला होता. निरोपाच्या निवेदनात त्याने सुरुवातीचं कारणही सांगितलं: लहानपणी भारतात यातले कितीतरी उत्तम गेम खेळायलाच मिळाले नाहीत, इतरांना तरी ते मिळावेत म्हणून हा खटाटोप केला. महिनाभर आधी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या न्यायालयात ‘लव्हरॉम्स’ आणि ‘लव्हरेट्रो’ ही अशीच संकेतस्थळं चालवणाऱ्यांवर दावा लावला होता. नोव्हेंबरमध्ये तो १ कोटी २० लाख डॉलरहून मोठ्या रकमेच्या तडजोडीवर मिटला. तशीच वेळ आपल्या सहकाऱ्यांवर येऊ नये, म्हणून एम्यूपॅराडाइजने आधीच हात आवरता घेतला.

निवेदनातली भारताबद्दलची ती ओळ मला फार महत्त्वाची वाटते. निन्टेन्डोचं यंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथे ‘सॅम्युराई’ या नावाने आलं खरं, पण मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडलं गेलं ते बहुतेक वेळा त्याची नक्कल केलेलं स्वस्त यंत्र. सोबतच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असे आणि आत मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा लावलेले असत. मारिओ आणि कॉन्ट्रा आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला भेटले ते असे, बिनपरवाना प्रतींमधून. ती कॅसेट विकत घेणाऱ्या आईवडिलांना हा नकली माल आहे याची कल्पनाही नसे, आणि असती तरी अस्सल माल गावातल्या दुकानात मिळत नव्हता. जिथे मूळ वस्तू कोणी विकतच नव्हतं, तिथे नक्कल घेणाऱ्याने नेमकं कोणाचं नुकसान केलं, हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही.

कायद्याचा इतिहास मात्र अमेरिकेत घडला. १९८०मध्ये तिथल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या मालकीची आहे त्याला जपणुकीसाठी एक जादा प्रत काढण्याची मुभा मिळाली. त्याच आधारावर जेएस अँड ए या कंपनीने अटारी या गेम कंपनीच्या कॅसेटची नक्कल करणारं ‘प्रॉम ब्लास्टर’ नावाचं यंत्र विकायला काढलं. अटारी न्यायालयात गेली आणि १९८३मध्ये निकाल अटारीच्या बाजूने लागला. न्यायालयाचं म्हणणं असं की ही मुभा यांत्रिक किंवा विद्युत बिघाडाने पुसल्या जाणाऱ्या माध्यमांसाठी आहे, आणि कॅसेटमधल्या चिपला तो धोका नाही.

त्या वेळी हे पटण्यासारखं होतं. आज नाही. फ्लॉपीचं चुंबकत्व उतरतं, सीडीचा थर खराब होतो, व्हिडिओ गेम पार्लरमधल्या यंत्रांच्या काही चिपांतला विद्युतभार हळूहळू ओसरतो. कॅपकॉम या जपानी गेम कंपनीच्या १९९३नंतरच्या पार्लर-बोर्डांचं उदाहरण तर अंगावर येणारं आहे. नक्कल होऊ नये म्हणून त्या बोर्डांत गेमची किल्ली बॅटरीवर जिवंत ठेवलेल्या स्मृतीत असायची. बॅटरी संपली की किल्ली गेली आणि गेमही गेला. पैसे मोजून बोर्ड घेतलेल्या पार्लरवाल्याच्याही हाती मग निर्जीव पट्टी उरायची. ते कुलूप अखेर फोडलं ‘मेम’च्या मंडळींनी. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७मध्ये सुरू केलेला हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्रासारखं वागणारं सॉफ्टवेअर. जुन्या पार्लर-यंत्रांचं अंतरंग नोंदवून ठेवणं, हेच आपलं मुख्य काम असं तो प्रकल्प पहिल्यापासून मानत आला.

एम्युलेटर आणि गेमची प्रत या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या धरल्या आहेत, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. १९९२मध्ये सेगा विरुद्ध ॲकोलेड या खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं की सुसंगत वस्तू बनवण्यासाठी दुसऱ्याचा प्रोग्रॅम उलगडून पाहणं, दुसरा मार्ग नसेल तर, न्याय्य वापरात (परवानगीशिवाय करता येणाऱ्या ‘फेअर यूज’मध्ये) बसतं. २०००मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्समध्ये तोच धागा पुढे गेला: प्लेस्टेशनचे गेम मॅकवर चालवणारं सॉफ्टवेअर बेकायदा ठरलं नाही. खटला हरलेल्या सोनीने पुढच्याच वर्षी ते सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि बंद केलं. तेव्हा एम्युलेटर लिहिणं वैध आहे. पण त्यात घालायची गेमची फाइल, जिला या वर्तुळात ‘रॉम’ म्हणतात, ती दुसऱ्याला देणं वैध नाही, मग गेम कितीही जुना असो. ‘रॉम २४ तासांत पुसली तर चालतं’ असा एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याला कोणत्याही कायद्याचा आधार नाही.

१९९७च्या सुमारास ‘अबँडनवेअर’ हा शब्द रूढ झाला. कंपनीने विकायचं थांबवलेलं, कोणी वाली न उरलेलं सॉफ्टवेअर म्हणजे अबँडनवेअर. वाटणाऱ्यांनी स्वतःवर काही बंधनंही घालून घेतली: गेम अजून विक्रीत असेल तर ठेवायचा नाही, पैसे घ्यायचे नाहीत, मालकाने सांगितलं की काढायचा. सगळ्यांनी ती पाळली असं नाही, पण हे नियम मुळात केले गेले याला मी मोल देतो. कायद्यात नसलेली सीमारेषा लोकांनी आपापसात आखायचा प्रयत्न केला होता.

कायदा नेमका त्याच काळात उलट दिशेने गेला. २७ ऑक्टोबर १९९८ रोजी अमेरिकेत कॉपीराइटची मुदत वाढली. कंपनीच्या नावावरच्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळाली. दुसऱ्याच दिवशी डिजिटल कुलूप फोडणं हाच गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर सही झाली. १९८०चा पॅकमॅन या हिशेबाने अमेरिकेत २०७५ संपेपर्यंत खाजगी मालमत्ता आहे. तोवर तो लिहिलेल्या मूळ माध्यमाचं काय झालेलं असेल, याचा विचार त्या मुदतीत कुठेच नाही.

ज्यांच्याकडे मालकी आहे ते जपतील, ही अपेक्षा कितपत खरी ठरली? कोनामी या जपानी कंपनीने २०१२मध्ये आपल्या सायलेंट हिल या गेमच्या जुन्या भागांची नवी आवृत्ती काढली, तेव्हा अंतिम सोर्स कोड कंपनीकडे शिल्लकच नव्हता. अपुऱ्या कोडवर काम करावं लागलं आणि ते गेममध्ये दिसलं. २०१०मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून विकत घेतलेल्या मॅक्स पेन २ या गेमच्या फाइलमध्ये ‘रेझर १९११’ या क्रॅक करणाऱ्या जुन्या टोळीची निशाणी सापडली. सीडीशिवाय गेम चालावा म्हणून प्रकाशकाकडूनच पायरसीवाल्यांनी केलेली प्रत विक्रीला गेली होती. २०२३मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कायदेशीररीत्या विकत मिळत नाहीत, असं त्यात आढळलं. निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या गेमच्या बाबतीत तर विक्रीत असलेल्यांचं प्रमाण सहा टक्क्यांच्याही आत निघालं.

तरीही वाटणारा तो पुण्यवान, असं सरसकट म्हणता येत नाही. मोठ्या रॉम-भांडारांवर जाहिराती असत आणि त्यांचे पैसे कोणाच्या तरी खिशात जात. शिवाय ‘सोडून दिलेला’ गेम खरंच सोडलेला असतो का, हेही तपासावं लागतं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८मध्ये जुने गेम आजच्या संगणकावर चालतील असे करून, कोणतंही कुलूप न घालता विकायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक मिळालं. ती कंपनी ज्या बाजारात जन्मली त्या वॉर्सातल्या संगणक-बाजारात नकली प्रतींचाच सुळसुळाट होता. आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडशी जुळणारी ती गोष्ट. योग्य किमतीत, नीट चालणारी वस्तू दिली तर पायरसीची सवय असलेला माणूसही पैसे देतो, हे त्यांना तिथेच कळलं असावं.

सिस्टम शॉक २ची कथा याहून बोलकी आहे. १९९९चा हा गेम. तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला आणि हक्क फिरत फिरत एका विमा कंपनीकडे पोचले. स्टीफन किक हा अमेरिकी कलाकार ग्वाटेमालात भटकंती करत असताना त्याला तो पुन्हा खेळावासा वाटला, गेम नव्या यंत्रावर चालेना, म्हणून त्याने हक्कांचा माग काढला. विमा कंपनीशी करार केला, २०१३मध्ये गेम पुन्हा विक्रीत आणला आणि त्यातून नाइटडाइव्ह ही कंपनी उभी राहिली. वर्षानुवर्षे ज्याला बेवारस मानलं गेलं, त्याचा वारस असा सापडला. पण ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’ या २०००च्या गेमसाठी त्याच कंपनीने प्रयत्न केले, तेव्हा हक्क असण्याची शक्यता असलेल्या बड्या कंपन्यांकडून परवाना मिळेना; कोणाकडे नेमकं काय आहे हेही स्पष्ट होईना. तो गेम आजही विकत मिळत नाही. माझ्या मते नीतीचा निवाडा या दोन उदाहरणांच्या मध्ये कुठेतरी करायचा असतो. पहिल्या गेमची प्रत आज फुकट वाटणं हे ज्यांनी तो कष्टाने परत आणला त्यांच्यावर अन्याय आहे. दुसऱ्याची प्रत कोणी सांभाळून ठेवली आणि मागणाऱ्याला दिली, तर त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ग्रंथालयांमार्फत मधला रस्ता काढण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकेत डिजिटल कुलूप फोडण्यावरच्या बंदीतल्या सवलतींचा दर तीन वर्षांनी फेरविचार होतो. २००३मध्ये जुनाट माध्यमांवरच्या गेमना सवलत मिळाली, २०१५ आणि २०१८मध्ये सर्व्हर बंद झालेल्या गेमना. मात्र विक्रीत नसलेला गेम संशोधकाला ग्रंथालयाबाहेरून खेळता यावा, ही मागणी ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली गेली. असे गेम लोक करमणुकीसाठी खेळतील, ही उद्योगाच्या संघटनेची भीती ग्राह्य धरली गेली. मी हा निर्णय चुकीचा मानतो. कादंबरी वाचताना अभ्यासकाला आनंद झाला म्हणून ग्रंथालय ती परत मागत नाही.

आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि संरक्षण साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला बॅकअप काढण्याची मुभा कलम ५२ देतं. तो दुसऱ्याला वाटण्याची नाही. कलम ६३ब खाली जाणूनबुजून चोरीचा प्रोग्रॅम वापरण्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. पण वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि दंड ५० हजारांच्या आत ठेवू शकतं. कुलूप तोडण्याबाबतही २०१२चं कलम ६५अ अमेरिकेइतकं कडक नाही; हक्कभंगाचा हेतू असल्याशिवाय तो गुन्हा होत नाही. म्हणजे हेतू आणि नफा पाहायची सवय आपल्या कायद्याला आहे. अडचण जतनाच्या कलमात आहे: सार्वजनिक ग्रंथालयाला एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवायची असेल, तर तिची डिजिटल नसलेली प्रत आधी त्याच्याकडे असावी लागते. गेमची अशी प्रत कधी निघतच नाही. दुरुस्ती मागायची तर आधी तिथे मागायला हवी.